‘हॅव आय बीन पोन्ड’: सहा वर्षं क्लायंटसमोर उघडून बघितल्यावरचा रिव्ह्यू

भोसरीतली एक फॅक्टरी, ऑटो पार्ट्सवाली, दीडेकशे माणसं. कॉन्फरन्स रूम म्हणजे शेठच्या केबिनला लागून असलेली एक खोली, भिंतीवर गणपती, त्याच्या शेजारी व्हेंडर अवॉर्डच्या ट्रॉफ्या आणि त्याच्याही शेजारी प्रोजेक्टरचा पडदा. कोविडनंतर समोरासमोरच्या मीटिंगा नुकत्या सुरू झालेल्या, मी प्रीसेल्समध्ये, म्हणजे विक्रीआधी क्लायंटला माल समजावून दाखवायच्या कामात, तशी नवीनच, उत्साह भयंकर, आणि एका सिनियरचं बघून शिकलेली ट्रिक करायला गेले. शेठच्या व्हिजिटिंग कार्डावरचा ईमेल आयडी त्यांना न विचारता सरळ ‘हॅव आय बीन पोन्ड’वर, म्हणजे ईमेल कुठल्या डेटाचोरीत सापडलाय ते सांगणाऱ्या साइटवर, टाकला आणि एंटर मारलं.

पडदा लाल. खाली लिस्ट: लिंक्डइन, कॅनव्हा, डॉमिनोज इंडिया आणि झिंगा.

प्रॉडक्शन मॅनेजर मागून म्हणाले, "झिंगा म्हणजे गेमवाले ना?"

खोलीत एकदम सामसूम. कारण शॉपफ्लोअरच्या दारावर शेठनी स्वतः लावलेला बोर्ड येताना मीही वाचला होता, ‘कामाच्या वेळेत मोबाइलवर गेम खेळताना आढळल्यास अर्धा दिवस गैरहजेरी’. शेठ हसले, पण ते हसू कुठलं ते समोर बसलेल्याला कळतं. चहा आला, बिस्किटं आली, ऑर्डर काही आली नाही. म्हणजे दोन वर्षांनी आली, पण ते नंतर.

तर हा रिव्ह्यू त्या साइटचा. मी पुण्यात एका सायबर सिक्युरिटी कंपनीत क्लायंटसमोर बसायचं काम करते, आधी प्रीसेल्स, आता अकाउंट बघते, म्हणजे आतले सॉकवाले (क्लायंटच्या सिस्टिमवर नजर ठेवणारी आमची टीम) आणि बाहेरचे क्लायंट यांच्या मधली सासुरवाशीण. आतले म्हणतात क्लायंटला काही कळत नाही, क्लायंट म्हणतो तुमच्या लोकांचं बोलणं कळत नाही, आणि दोघांचंही खरं असतं. या कामात लॅपटॉपवर जी टॅब सगळ्यात जास्त वेळा उघडली असेल ती ही, आमचा स्वतःचा डॅशबोर्डसुद्धा नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रॉय हंट नावाचा ऑस्ट्रेलियन माणूस, त्याने डिसेंबर २०१३ मध्ये ही साइट चालू केली. त्याच वर्षी अडोबीमधून पंधरा कोटींच्या आसपास अकाउंटांचा डेटा बाहेर पडला होता, त्यावरून डोक्यात आलेली आयडिया. कुठल्यातरी कंपनीचा डेटा चोरीला जातो, मग तो चोरांच्या बाजारात फिरतो, आणि असा फिरणारा डेटा गोळा करून हा माणूस एका जागी शोधता येईल असा ठेवतो. तुम्ही ईमेल टाकायचा, तो कुठल्या कुठल्या गळतीत सापडला ते साइट सांगते. फुकट. लॉगिन नको, ओटीपी नको, ‘आमचा प्रतिनिधी आपल्याला कॉल करेल’ नको. तुमचा पासवर्ड दाखवत नाही, फक्त काय काय गेलं ते सांगते, म्हणजे ईमेल, फोन, पत्ता, पासवर्ड वगैरे. ‘पोन्ड’ हा गेम खेळणाऱ्या पोरांचा शब्द, ‘ओन्ड’ टाइप करताना चुकून झालेला, अर्थ साधारण तुझा पार बाजार उठवला. या नावाचा उच्चार माझ्या एकाही क्लायंटला पहिल्या झटक्यात जमलेला नाही. भोसरीचे शेठ आजतागायत त्याला ‘पॉन्ड्स’ म्हणतात, पावडरवालं.

आता मी हीच का वापरते. आमच्या धंद्यात पुण्यात कोणाचंही प्रेझेंटेशन उघडा, तिसरी नाहीतर चौथी स्लाइड कॉसमॉस बँकेवरचा सायबर दरोडा. ऑगस्ट २०१८, शनिवारी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, सोमवारी स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या परदेशी पैसे पाठवायच्या यंत्रणेतून, हाँगकाँगला गेले, एकूण ९४ कोटी. घटना खरी आहे आणि शिकण्यासारखं तिच्यात खूप आहे, पण सहा वर्षांत मी ती स्लाइड इतक्या वेळा लोकांना जांभया देत बघताना पाहिलीय की आता माझी मलाच लाज वाटते. बँकवाल्यांना ती आमच्यापेक्षा जास्त पाठ असते. आणि फाउंड्रीवाला, दुधाची डेअरीवाला, पापडवाला काय म्हणतो? "मॅडम, आम्ही काय बँक आहे का? आमच्याकडे काय न्यायचंय?" याला उत्तर नसतं. म्हणजे असतं, पण ते पंधरा मिनिटांचं असतं आणि तोपर्यंत समोरच्याचे तीन फोन येऊन गेलेले असतात.

त्यापेक्षा त्याने स्वतःच्या हाताने स्वतःचा ईमेल टाकला आणि खाली डॉमिनोज इंडिया आलं की त्याची मान पुढे येते. २०२१ च्या त्या गळतीत सव्वादोन कोटी ईमेल होते, सोबत नाव, फोन, घरचा पत्ता आणि काय काय ऑर्डर केलं ते. बिगबास्केटची आधीच्या वर्षातली, तीही दोन कोटींवर. इअरफोनवाल्या ‘बोट’ कंपनीची २०२४ ची, पाऊण कोटी. ही नावं घरातली आहेत ना. लिंक्डइन निघालं तर लोक मान डोलावतात, पिझ्झा निघाला की बायकोला फोन लावतात. एका क्लायंटने खरंच लावला, स्पीकरवर, "अगं आपला जुना पत्ता कोणता दिला होतास पिझ्झ्याला?" त्यानंतर अर्धा तास मला काही बोलावंच लागलं नाही, तेच विचारत होते. प्रीसेल्समध्ये असं महिन्यातून एकदा घडलं तरी खूप.

भोसरीनंतर माझा नियम एकच, कीबोर्ड समोरच्याकडे सरकवायचा. मी टाइप करत नाही. आणि पडदा बंद, लॅपटॉपवरच, फक्त त्यालाच दिसेल असं. साइटवाल्यांना हे माझ्याआधी सुचलेलं आहे म्हणा. काही गळत्या ते ‘संवेदनशील’ म्हणून वेगळ्या ठेवतात, अॅशली मॅडिसनसारख्या, लग्न झालेल्यांनी बाहेर जुळवायची ती साइट, २०१५ मध्ये फुटलेली. तिचा रिझल्ट कोणीही कोणाचाही ईमेल टाकून बघू शकत नाही, ज्याचा ईमेल त्याने व्हेरिफाय केल्यावर त्यालाच दिसतो. एवढा विचार करून बनवलेली फुकट गोष्ट मी तरी दुसरी पाहिलेली नाही. गेम मात्र संवेदनशीलमध्ये धरत नाहीत, भोसरीत धरायला हवे होते.

पासवर्ड तपासायचा वेगळा भाग आहे, त्यावर जरा जास्त लिहिते कारण प्रत्येक ऑफिसात एक अकाउंट्सचे काका असतात आणि ते बरोब्बर हाच प्रश्न विचारतात, "तिथे आम्ही पासवर्ड टाकला आणि त्यानेच चोरला तर?" पहिली दोन वर्षं मी "नाही हो काका, सेफ आहे" म्हणायचे, जे अगदी चुकीचं उत्तर आहे, कारण फसवणारा पण हेच म्हणतो. आता समजावून सांगते. तुम्ही टाकलेला पासवर्ड तुमच्याच ब्राउझरमध्ये दळला जातो, त्याचं ४० अक्षरांचं पीठ होतं, त्यातली फक्त पहिली ५ अक्षरं साइटला जातात. साइट म्हणते या पाच अक्षरांनी सुरू होणारे माझ्याकडे इतके शेकडो आहेत, घे सगळे. आणि त्यात तुमचा आहे का ते परत तुमच्याच मशीनवर बघितलं जातं. म्हणजे कार्यालयात जाऊन ‘पाटील’ नावाची सगळी पाकिटं द्या म्हणायचं आणि आपलं त्यातलं कुठलं ते तिथे बोलायचंच नाही, घरी येऊन उघडायचं. देणाऱ्याला कळतच नाही तुम्ही कुठले पाटील. हे २०१८ पासून असं चालतं. एक काका हे ऐकून म्हणाले, "मग ठीके, पण तरी मी नाही टाकणार." मी म्हटलं काका, शंभर टक्के बरोबर, तुमचा चालू पासवर्ड कुठल्याच दुसऱ्या साइटवर टाकायची सवय नकोच, तुम्ही ‘इंडिया अॅट १२३’ टाकून बघा. लाल. मग त्यांनी गुपचूप आणखी एक काहीतरी टाकलं, मला स्क्रीन दिसू नये म्हणून आडवा हात धरून. तेही लाल असावं, कारण दुपारी आयटीच्या पोराला बोलावून पासवर्ड बदलून घेतला म्हणे.

याच कामाची ती निस्टची, म्हणजे मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेची, पासवर्डवरची गाइडलाइन आहे, २०१७ पासून ती म्हणते की दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावू नका, त्यापेक्षा फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून बघा. पण आपल्याकडे ऑडिटवाले अजून ९० दिवसांवर अडलेत आणि लोक ‘पुणे१’, ‘पुणे२’, ‘पुणे३’ करत ‘पुणे१७’पर्यंत पोचलेत. हे वेगळं दुखणं आहे, जाऊ दे.

कंपनीच्या अख्ख्या डोमेनचं, म्हणजे ईमेलमध्ये ‘अॅट’च्या पुढे जे नाव असतं त्यावरच्या सगळ्या आयडींचं, एकत्र बघायची सोय आहे, क्लायंटच्या दृष्टीने खरा माल हाच. छोट्या डोमेनला फुकट, जास्त आयडी सापडत असतील तर पैसे. आधी डोमेन तुमचंच आहे हे सिद्ध करावं लागतं, डीएनएसमध्ये (डोमेनच्या सेटिंगमध्ये) एक ओळ टाकून किंवा अॅडमिनच्या ईमेलवर लिंक मागवून. ऐकायला दहा मिनिटांचं काम. प्रत्यक्षात इचलकरंजीच्या एका क्लायंटकडे सोळा दिवस लागले, आणि यात साइटचा काडीचा दोष नाही. वेबसाइट बनवून देणारा मुलगा दुबईला गेलेला, डोमेन त्याच्या नावावर, लॉगिन कोणालाच माहीत नाही, रिन्यूअलची मेल त्याच्याच जीमेलवर जाते. मी रिपोर्टमध्ये पहिला मुद्दा हाच लिहिला, तुमचं डोमेन तुमच्या हातात नाही. बाकी रिझल्ट आला नसता तरी चाललं असतं. रिझल्ट आला त्यात निम्मे आयडी सोडून गेलेल्या माणसांचे, ज्यांचे मेलबॉक्स अजून चालू होते आणि ज्यांचं लायसन्स दर महिन्याला भरलं जात होतं. मालकांना गळतीपेक्षा या लायसन्सचा जास्त राग आला. चालतं, राग कशाचाही येवो, अकाउंट बंद झाली ना.

या डोमेनच्या लिस्टमध्ये ‘स्टीलर लॉग’ असं काही दिसलं तर मात्र मी चहा बाजूला ठेवते. २०१२ च्या लिंक्डइनमध्ये नाव असणं आणि स्टीलर लॉगमध्ये असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि हा फरक समजावणं हेच माझं अर्धं काम. पहिल्यात चोरी लिंक्डइनच्या घरी झाली. दुसऱ्यात कुठल्यातरी कॉम्प्युटरवर व्हायरस बसलाय आणि त्याने ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड उचलून नेलेत, आणि त्या कॉम्प्युटरवर तुमचा माणूस लॉगिन करत होता. ईमेल ज्याचा आहे त्याने व्हेरिफाय केलं की कुठल्या साइटांचे पासवर्ड त्यात होते तेही दिसतं. एका क्लायंटच्या डिस्पॅचवाल्याचं असं निघालं, घरच्या पीसीवर पोराने क्रॅक केलेला गेम टाकलेला आणि त्याच पीसीवरून बाबा रात्री ट्रान्सपोर्टरच्या पोर्टलवर लॉगिन करायचे. तिथे मग बाकी स्लाइडा गुंडाळून ठेवल्या, आधी तो पीसी फॉरमॅट, मग दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदला, हा क्रम उलटा केला तर नवीन पासवर्ड पण जातो.

आता जे खटकतं ते. पहिलं, मोबाइल नंबर. आपल्याकडे माणसाची ओळख म्हणजे मोबाइल नंबर, ईमेल नाही. माझ्या निम्म्या छोट्या क्लायंटचा जीमेल मोबाइलच्या दुकानदाराने बनवून दिलेला असतो, त्यांना स्वतःला तो आठवत नाही, प्ले स्टोअर उघडून बघावा लागतो. मध्ये फेसबुकची गळती आली तेव्हा साइटवर नंबरने शोधता यायचं, २०२५ मध्ये नवीन साइट आली त्यात ते काढलं. नंबर वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेले असतात, सांभाळायला अवघड, हे मान्य. पण दुकानदार "नंबर टाकून बघा ना मॅडम" म्हणतो आणि मला नाही म्हणावं लागतं.

दुसरं ते नवीन साइटवरचं कॉन्फेटी. ईमेल कुठे सापडला नाही की स्क्रीनवर रंगीत कागद उडतात, लग्नात उडवतात तसे. एका मीटिंगमध्ये डायरेक्टर साहेबांचा ईमेल टाकला, कागद उडाले, चार जणांनी टाळ्या वाजवल्या आणि साहेब म्हणाले "चला, आपण सेफ. मग खर्च कशाला?" त्यांचा ईमेल तीन महिन्यांपूर्वीच बनवलेला होता हो. सापडला नाही याचा अर्थ ट्रॉय हंटच्या हाती लागलेल्या डेटात नाही, एवढाच. न फुटलेल्या आणि फुटलेल्या पण अजून कोणाला न कळलेल्या यातला फरक कुठलीच साइट सांगू शकत नाही. हे टाळ्यांच्या आवाजात सांगून बघा एकदा.

तिसरं, सगळं इंग्रजीत. आयटी मॅनेजरला चालतं, स्टोअरकीपरला मी शेजारी बसून सांगावं लागतं.

आमच्याच सेल्सवाल्याचीही यावर तक्रार आहे, ती पण लिहिते. "आपण डार्क वेब मॉनिटरिंग विकतो आणि तू फुकटची साइट दाखवतेस?" म्हणजे चोरांच्या त्या बाजारावर पाळत ठेवायची सेवा. बरोबर आहे त्याचं, त्याला टार्गेट आहे. पण पैसे देऊन जे मिळतं ते वेगळं, त्यात तुमच्या नावाची खोटी डोमेन, टेलिग्रामवर चाललेली विक्री, आणि रात्री दोनला अलर्ट बघणारं माणूस. ते हवं असेल तर घ्या. नको असेल तर निदान हे फुकटचं नोटिफिकेशन तरी लावून ठेवा, नवीन गळतीत तुमचा ईमेल आला की मेल येते. एक क्लायंट हे ऐकून, नोटिफिकेशन लावून, धन्यवाद म्हणून निघून गेला, आमच्याकडून एक रुपयाचं काही घेतलं नाही. सेल्सवाला माझ्याशी आठवडाभर बोलला नाही, कॅन्टीनमध्ये वेगळ्या टेबलावर बसायचा.

पण या साइटची मला सगळ्यात जास्त मदत कशात झाली असेल तर ती साइटवर नाहीच, मालकाच्या गोष्टीत आहे. मार्च २०२५ मध्ये ट्रॉय हंट स्वतः फसला. लंडनला गेलेला, विमानप्रवासाने झोपेचं खोबरं झालेलं, मेलचिंपच्या (वर्गणीदारांना घाऊक मेल पाठवायची सेवा) नावाने मेल आली की तुमच्यावर स्पॅमची तक्रार आहे, मेल पाठवणं थांबवलंय. लिंक उघडली, लॉगिन टाकलं, ओटीपीसुद्धा टाकला. त्याच्या ब्लॉगच्या वर्गणीदारांची यादी गेली, सोळा हजारांच्या आसपास ईमेल. पासवर्ड मॅनेजरने, म्हणजे पासवर्ड साठवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने, त्या खोट्या साइटवर पासवर्ड आपोआप भरला नव्हता, तिथेच शंका यायला हवी होती, हेही त्याने स्वतःच लिहिलंय. आणि ती यादी त्याने लगेच स्वतःच्याच साइटवर चढवली, बाकीच्या कंपन्यांच्या शेजारी.

इचलकरंजीच्याच क्लायंटकडे त्याच उन्हाळ्यात अकाउंट्सच्या ताईंनी खोट्या मायक्रोसॉफ्टच्या पानावर पासवर्ड टाकला. मी पोचले तेव्हा मालक त्यांना सगळ्यांसमोर बोलत होते, "एवढं कळत नाही का?" ताई टेबलाकडे बघत नुसत्या पेनचं टोपण काढत-घालत होत्या. काही विचारलं तर उत्तर फक्त "नाही आठवत". आणि मला नेमकं आठवायलाच हवं होतं, किती वाजता, कुठली मेल, ओटीपी दिला का, नंतर काय दिसलं. मी मालकांना म्हटलं साहेब, दोन मिनिटं, आणि ही ट्रॉय हंटची गोष्ट सांगितली, या विषयात जगात नाव असलेला हा माणूस, आणि हाही फसला, ओटीपीसकट. मालक गप्प झाले. ताईंनी टोपण ठेवलं आणि म्हणाल्या, "ओटीपी नाही, पण मोबाइलवर ‘अप्रूव्ह’ असं आलं होतं, ते मी दाबलं. दोनदा." हे ‘दोनदा’ आमच्या सॉकला लॉगमध्ये शोधायला दोन तास लागले असते.

रेटिंग: पाचपैकी साडेचार. अर्धा मोबाइल नंबरसाठी कापला. कॉन्फेटीसाठी वेगळा कापणार होते, पण फुकट आहे म्हणून सोडून दिलं. एकट्यादुकट्याने घरी वापरायला दहा मिनिटांचं काम आहे, आईवडिलांचा ईमेल पण नोटिफिकेशनला लावा, फक्त त्यांना विचारून.

भोसरीच्या शेठचा परवा रात्री साडेनऊला फोन. आता आमचे क्लायंट आहेत, दुसऱ्या वर्षाचं रिन्यूअल झालंय. "मॅडम, त्या पॉन्ड्सवाल्यांची मेल आलीय, माझं नाव परत कुठेतरी निघालंय म्हणतात. खरी आहे की यातपण फसवतात?" मी म्हटलं लिंकवर दाबू नका, ज्या पत्त्यावरून आलीय त्यात ‘अॅट’च्या पुढे काय आहे ते एकेक अक्षर वाचून दाखवा. मागे टीव्ही चालू होता, तो त्यांनी कोणाला तरी बारीक करायला सांगितला, चष्मा शोधला, आणि वाचायला लागले. एच, ए, व्ही, ई...